बोकडे साहेबांचं आभाळ

बोकडे साहेबांनी पानठेल्यावर ‘चुना कमी, सुपारी बारीक’ असं सांगितलं आणि वर दरडावलं, “परत म्हण!” पानवाल्यानं मुकाट्यानं म्हटलं. मी थक्क. पुढे कळलं, दूधवाल्यापासून धोब्यापर्यंत सगळ्यांचीच ही रोजची परीक्षा होती.

साहेब नागपूरच्या विमानतळावर, टॉवरमध्ये. विमानांना रेडिओवरून ‘या’, ‘थांबा’ सांगणं हे त्यांचं काम. खाली फ्लाइंग क्लबात सत्तरच्या दशकातले आम्ही हौशी पोट्टे उडायला शिकत होतो.

“विमानतळावरचं आभाळ म्हणजे लोकाचं घर,” ते बजावत. “विचारल्याबिगर पाय नाही टाकायचा. आन् सांगितलं ते शब्दन्‌शब्द परत म्हणायचं. नुसता ‘हो’ म्हणणारा पायलट जावयावानी असते. मान हलवते, आयकत काही नाही!”

साहेबांचं लग्न झालेलं नव्हतं. जावयांविषयीचं हे ज्ञान कुठून आलं, कोण जाणे.

पहिल्यांदा एकटाच उडालो त्या दिवसाची गोष्ट. परतताना रेडिओवर त्यांचं खणखणीत इंग्रजी आलं : अंबाझरी तलावावरच घिरट्या घाल, आत येऊ नकोस. मी तेव्हा खाली आमचं कॉलेज शोधण्यात गुंग. ऐटीत ‘हो’ म्हटलं. ते ‘परत म्हण’ म्हणेस्तोवर मी आत शिरलोसुद्धा.

पुढ्यात प्रवासी विमान! इतकं जवळ, की खिडक्या मोजता आल्या असत्या. पण माझे डोळेच मिटले होते.

रेडिओवर मराठीचा शब्द न काढणारा तो माणूस किंचाळला, “उजवीकडे वळ गा पोट्ट्या! वळ, माह्या राजा, वळ!”

मी वळलो. ‘राजा’ ऐकल्याच्या धक्क्यानंच बहुधा.

उतरलो, तर टॉवर जोडीदाराच्या हवाली करून साहेब अनवाणी धावत येत होते. त्यांनी माझं डोकं, खांदे, हात चाचपून पाहिले. सगळं जागेवर आहे अशी खात्री झाल्यावर एक सणसणीत थापड दिली.

“रिपोर्ट लिहिणार हाये मी.”

“साहेब, लायसन जाईल माझं!”

“जाऊ दे. तू गेला असता तं?”

लायसन वाचलं, पण महिनाभर उडणं बंद. वर साहेबांची स्वतंत्र शिक्षा : रोज टॉवरवर त्यांच्याजवळ बसून नुसतं ऐकायचं.

पहिल्या दुपारी त्यांनी डबा उघडला. भाकरी, वांग्याची भाजी, सगळं दुप्पट. अर्धं माझ्यापुढे सरकवलं. स्वतः मात्र घास घेईनात. माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

“मीठ कमी झालं का गा?” हळूच म्हणाले. “दोघांचा अंदाज नाही मले.”