पंतनगरची अकरा सेकंदांची घरघर

धोंडिराम तोरसकर यांच्या व्हिजिटिंग कार्डावर नावापेक्षा ओळख मोठी आहे. 'ध्वनिगुप्तहेर. कोणताही आवाज, कुठलाही, कोणाचाही. उगम शोधून मिळेल.' खाली बारीक अक्षरांत, 'श्रवणशक्ती जन्मजात.' टेलिफोन खात्यात एकतीस वर्षं लोकांच्या तक्रारी ऐकून निवृत्त झालेल्या या गृहस्थांच्या मते त्यांचा डावा कान मुंबईत पहिला आणि उजवा दुसरा. बायको हाक मारते तेव्हा दोन्ही कान रजेवर असतात, हे कार्डावर नाही.

शीतल राऊळला हे कार्ड पाठ आहे, कारण ते तिच्याच प्रिंटरवर छापलं जातं आणि शाईही तिचीच. घाटकोपरला तिचा छोटा स्टुडिओ आहे. लग्नं, बारशी, साखरपुडे शूट करायचे आणि मग कॉम्प्युटरवर बँजोचा आवाज खाली दाबून मंगलाष्टकं वर आणायची, हा तिचा धंदा. आवाज साफ शीतल करते. तो कसा साफ झाला याचं भाषण धोंडिरामकाका देतात. ही भागीदारी चार वर्षं टिकली, कारण काका रोज येताना गरम बटाटेवडे आणतात.

त्या गुरुवारी सकाळी नऊला दोघं पंतनगरात श्रुतिका मेस्त्रीच्या घरी पोचले. श्रुतिका विज्ञान शिकवायची. तिचा क्लास मार्चमध्ये बंद पडला आणि तेव्हापासून ती घरी होती. आता एका ऑनलाइन शिकवणाऱ्या संस्थेने तिच्याकडून आठवीच्या धड्याचा बारा मिनिटांचा व्हिडिओ मागवला होता. पहिला परत आला, 'मागे आवाज येतोय.' दुसराही परत आला, 'अजून येतोय.' तिसरा शेवटचा, आणि तो आज दुपारी एकच्या आत पाठवायचा होता. शीतलच्या स्टुडिओखाली रस्ता खणत होते, म्हणून शूटिंग घरीच.

"ताई, काहीही कर, पण हा जाऊ दे," श्रुतिका म्हणाली. "सहा महिने झाले. आता आईकडे रिक्षाचे पैसे मागायलाही लाज वाटते गं."

शीतलने लॅपटॉपवर परत आलेला व्हिडिओ उघडला आणि हेडफोन लावला. आवाज साफ करायची पद्धत सोपी असते. ज्या तुकड्यात कोणी बोलत नाही तो निवडायचा, सॉफ्टवेअरला सांगायचं की बाबा, हा बघ गोंगाट, आणि मग ते सगळीकडून तेवढा वेचून काढतं. पंख्याची घूं घूं अशी दोन मिनिटांत जाते. ही घरघर जाईना, कारण ती एकसारखी नव्हती. वर जायची, खाली यायची आणि पुन्हा तशीच सुरू व्हायची. जास्त जोर लावला की घरघर राहायची आणि श्रुतिकाच पाण्याच्या पिंपात बसून प्रकाशसंश्लेषण शिकवतेय असं वाटायचं.

"दर अकरा सेकंदांनी परत येतंय," शीतल म्हणाली.

"अकरा!" काकांनी डोळे मिटले. "विमान. घाटकोपरवरूनच तर उतरतात."

"दर अकरा सेकंदांनी? आकाशात रांग लागेल काका."

"मग यंत्र. घरातलं यंत्र. वहिनी, घरात चालू असलेलं सगळं बंद करा! सगळं म्हणजे सगळं!"

श्रुतिकाची आई सुगंधा आज्ञाधारक बाई. तिने पंखे, फ्रिज, वायफाय, पाण्याचा फिल्टर, सगळं बंद केलं. दारावरच्या बेलचं बटण टेप लावून झाकलं आणि स्वतःहून भिंतीवरच्या घड्याळाचा सेलही काढला. शीतलने दोन मिनिटं रेकॉर्ड करून पाहिलं. घरघर जशीच्या तशी.

"म्हणजे गुन्हेगार सजीव आहे," काका म्हणाले आणि आतल्या खोलीकडे वळले.

आतल्या खोलीत श्रुतिकाचे वडील बाळा मेस्त्री रात्रपाळीवरून येऊन झोपले होते. काका उशाशी स्टुलावर बसले, मोबाइलवर वेळ लावली आणि दहा मिनिटं घोरणं मोजून बाहेर आले.

"नऊ सेकंद. मध्येच सात. एकदा तर चौदा. माणूस अत्यंत बेशिस्त आहे, पण निर्दोष."

मग काकांना शेजाऱ्यांकडे चोरून पिठाची गिरणी चालते असा संशय आला. त्यांनी स्टीलचा ग्लास भिंतीला लावला आणि मुंबईतला पहिला कान त्याला चिकटवला. पलीकडून स्पष्ट ऐकू आलं, "बघ गं, मेस्त्रींकडे कोणीतरी भिंतीवर भांडी ठोकतंय."

"गिरणी नाही," काका म्हणाले. "भाषा मात्र उद्धट आहे."

साडेअकरा वाजले. फ्रिजमधले बांगडे घामेजू लागले होते. श्रुतिका एकदा घड्याळाकडे बघे आणि सेल नाही म्हटल्यावर मोबाइलकडे. तिचा चेहरा बघून शीतलला काकांचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा. हजार लग्नं निस्तरलेल्या बाईला एका घरात एक आवाज सापडू नये?

तेवढ्यात दारावर थाप पडली. माहुलची कोळीण सखुबाई, डोक्यावर पाटी. आठवड्यातून दोनदा यायची आणि मासळी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून साफ करून द्यायची.

"काय गो सुगंधा, बेल का वाजत नाय? नि अंधार कशाला केलास?"

सुगंधाने सगळी हकिकत सांगितली. काकांनी मध्ये मध्ये शास्त्र घातलं. सखुबाईने पाटी उतरवली, कोयता काढला आणि शांतपणे विचारलं, "मंग तो डबा का नाय बंद केलास?"

"कुठला डबा?"

"तुज्या देवाकडचा गो. मना हितं भाव दोनदा ओरडून सांगायला लागतो त्याच्यापाई."

सगळ्यांनी कान टवकारले. आणि मग, एकदम, सगळ्यांना ऐकू आलं. देव्हाऱ्याच्या बाजूला प्लगमध्ये साबणाएवढी नामजपाची पेटी होती आणि ती आपली इमानेइतबारे जप करत होती. शब्द माइकपर्यंत पोचेतो विरायचे आणि नुसती घरघर उरायची. एक आवर्तन, अकरा सेकंद.

शीतलने कपाळाला हात लावला. भांडुपला तिच्या आईकडे हीच पेटी होती, फक्त निळी. काकांच्या घरीही होती. या पेटीच्या सोबतीने जेवलेल्या, झोपलेल्या आणि भांडलेल्या माणसांना ती ऐकू येणं केव्हाच थांबलं होतं.

"वहिनी," काका दुखावून म्हणाले, "मी सगळं बंद करा म्हटलं होतं."

"सगळं केलं की," सुगंधा म्हणाली. "देव कसा बंद करणार? तो काय मिक्सर आहे?"

श्रुतिका पेटीकडे गेली, पण सुगंधाने तिचा हात धरला.

"थांब गं. आजोबांनी लावलीय ती. जाताना मला म्हणाले होते, सूनबाई, हिला गप करू नको. नऊ वर्षं झाली. एकदाही केली नाही."

"लाइट जाते तेव्हा?" शीतलने हळूच विचारलं.

"ती लाइट जाते. मी नाही बंद करत."

श्रुतिकाने मोबाइलवर वेळ पाहिली. बारा वाजत आले होते. तिची घालमेल सुगंधाला बघवेना. एकीकडे सासऱ्यांना दिलेला शब्द आणि दुसरीकडे ही सहा महिने मान खाली घालून वावरणारी पोर. शेवटी तिने पदर खोचला.

"धडा किती वेळाचा?"

"बारा मिनिटं."

सुगंधा देव्हाऱ्यासमोर मांडी घालून बसली. तिने जपमाळ हातात घेतली, देवाला आणि सासऱ्यांना एकत्रच नमस्कार केला आणि बटण दाबलं. पेटी थांबली त्याच क्षणी तिचे ओठ हलू लागले, आवाज न करता.

घर असं शांत झालं की शीतललाच कसंतरी झालं. आतल्या खोलीत बाळा मेस्त्री खाडकन उठून बसले.

"काय झाला? कोण गेला?"

सखुबाईने कोयता हातात ठेवूनच ओठांवर बोट ठेवलं. बाळांनी बायकोकडे पाहिलं, बंद पेटीकडे पाहिलं आणि काय ते समजून मुकाट तिच्या शेजारी बसून ओठ हलवायला लागले. जिना ही फार संवेदनशील जागा आहे असं सांगून शीतलने काकांना दाराबाहेर उभं केलं. श्रुतिकाने बारा मिनिटं शिकवलं, एकदाही न अडखळता.

शीतलने हेडफोनमधून ऐकलं. घरघर नव्हती. दारामागे काका कोणालातरी "तपास चालू आहे" असं कुजबुजले होते. ते तिने तेवढं निवडलं आणि आयुष्यात पहिल्यांदा इतक्या आनंदाने पुसलं. एकला सात मिनिटं असताना व्हिडिओ गेला.

उत्तर चार वाजता आलं तेव्हा सगळे अजून तिथेच होते आणि बांगडे तळून झाले होते. काका वहीत 'आरोपी : देव. समज देऊन सोडलं' अशी नोंद करत होते. श्रुतिकाने मोबाइल वाचला, पुन्हा वाचला आणि आईच्या गळ्यात पडली.

"आई, झालं! घेतलं मला! सोमवारपासून रोज चार धडे!"

सुगंधाने डोळे पुसले, पोरीच्या तोंडावरून हात फिरवला. मग थबकली.

"रोज चार?"

"हो गं. प्रत्येकी बारा मिनिटं."

सुगंधाने क्षणभर देव्हाऱ्याकडे पाहिलं आणि नवऱ्याकडे वळली. "अहो, पाळ्या लावूया. पहिले दोन धडे तुमचे, पुढचे दोन माझे."

"आणि माझी झोप?" बाळा म्हणाले.

"शाळा सुटल्यावर," सुगंधा म्हणाली आणि जपमाळ त्यांच्या हातात दिली.