काजळीचा जबडा

एका जंगलात एक गुहा होती, आणि त्या गुहेत पिक्चर लागायचा.

बाळांनो, कसा लागायचा, वीज कुठून यायची, पडदा कुणी शिवला, हे मला विचारू नका. मला ठाऊक नाही. ज्या गोष्टीत सिंह बोलतो त्या गोष्टीत विजेचं काय घेऊन बसायचं? लागायचा, एवढं धरून चला.

गुहा तरसाची होती. सगळे त्याला तरसाजी म्हणत. पूर्वी तो तिथं हाडं साठवायचा. मग त्याच्या ध्यानात आलं की अंधार केला की जनावरं गप्प बसतात, आणि समोर काहीही दाखवलं तरी शेवटपर्यंत बघतात. त्यानं हाडं बाहेर काढली आणि बसायला दगड मांडले.

दर नव्या पिक्चरला न चुकता येणारी एक रानम्हैस होती. तिचं नाव काजळी. अंगानं थोराड, स्वभावानं गरीब. शिंगं एवढी पसरट की पुढं बसली तर मागच्यांना पिक्चरभर शिंगंच दिसायची. म्हणून ती आपण होऊन शेवटच्या रांगेत, भिंतीला पाठ लावून बसायची. येण्याआधी पोटभर चरायची आणि पडद्यावर नावं पडायला लागली की सावकाश रवंथ सुरू करायची. तुम्ही लाह्या खाता ना, तसं. फक्त तिला त्या विकत घ्याव्या लागत नव्हत्या.

काजळीला पिक्चरमधलं काही कळत नसे. हे तीच सांगायची. पण खेळ सुटला की सगळी पाणवठ्यावर जमायची, आणि तिथं कुणी विचारलं की कसा होता, तर तिला वाटलं असेल ते सांगून टाकायची.

मोराचा पिक्चर आला. काजळी म्हणाली, "नाचतो बरा. पण पिक्चरभर कमरेच्या वरच दिसतो. पाय कुठं ठेवून आला होता?"

अस्वलाचा आला, फार रडका. काजळी म्हणाली, "दोन तास रडतोय बिचारा. कशासाठी ते कळलं असतं तर मीही रडले असते."

माकडांच्या विनोदी पिक्चरबद्दल ती म्हणाली की हसले खूप, पण पडद्यावरचेच. बिबट्याच्या खुनाच्या पिक्चरबद्दल म्हणाली की खून कुणी केला ते मला आल्या आल्या कळलं, कारण तो एकटाच सगळ्यांना नमस्कार करत होता. आणि एकदा तर म्हणाली, "मध्येच उठून पाणी पिऊन आले. परत आले तरी तोच दरवाजा उघडत होता."

यात वाईट काही नव्हतं. तिच्या मनात कुणाचं वाकडं नव्हतं. पण जंगलाला तिचं म्हणणं पटायला लागलं. ससे, साळिंदरं, रानडुकरं आधी पाणवठ्यावर काजळीला विचारायची आणि मग ठरवायची. मोराचा खेळ रिकामा गेला. अस्वल आता खरोखर रडायला लागलं.

पिक्चर काढणारे सगळे मिळून सिंहमहाराजांकडे गेले. महाराजांनाही काळजी होतीच. त्यांचा स्वतःचा पिक्चर यायचा होता. 'आयाळ : भाग चौथा'.

दुसऱ्या दिवशी सुतारपक्ष्यानं पोकळ खोडावर टकटक करून दवंडी पिटली. पिक्चर बघून आल्यावर त्याबद्दल कुणी चांगलं-वाईट बोलायचं नाही. जो बोलेल त्याची गुहेतली जागा कायमची जाईल.

काजळी गप्प झाली. तिला दुसरा नाद नव्हता, पोरांनो. ती जागा, तो अंधार आणि समोर कुणाची तरी गोष्ट, एवढंच तिचं सुख होतं. ते जाऊ नये म्हणून ती गप्प राहिली. तुम्ही-आम्हीही राहिलो असतो.

मग 'आयाळ'चा चौथा भाग लागला. त्यात महाराज एकटेच धावत होते, बाकी सगळे उडत होते. दर थोड्या वेळानं महाराज डरकाळी फोडायचे, आणि ती एवढी मोठी लावली होती की गुहेच्या छतावरची वटवाघळं निसटून खाली पडत होती. कुणाला सांगता येईना कसा आहे, कुणाला विचारता येईना. तेव्हा एका सशानं हळूच मागं वळून काजळीकडे पाहिलं. तोंडानं बोलायची बंदी होती, तोंडाकडे बघायची नव्हती.

काजळीचा जबडा थांबला होता.

सशानं शेजारच्या साळिंदराला कोपरानं ढोसलं. कोपर काढून घेताना त्याला जरा त्रास झाला, पण बातमी पोचली. सगळी गुहा मागं बघायला लागली. जबडा थांबलेलाच.

आता याचा अर्थ काय लावायचा? तिथं शुभ्रनाथ नावाचा एक गायबगळा होता. गायबगळा म्हणजे गुरांच्या पाठीवर बसून किडे वेचणारा पांढरा पक्षी. त्याची हयात काजळीच्या पाठीवर गेली होती, म्हणून म्हशींच्या बाबतीत त्याचा शब्द शेवटचा मानत. खरं म्हणजे पाठीवरून तोंड दिसत नाही, पण हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. शुभ्रनाथ एका पायावर उभा राहिला, मान आत घेतली आणि म्हणाला की जबडा थांबणं म्हणजे तल्लीनता. पिक्चर जितका थोर तितका जबडा स्थिर.

आता ज्यांच्या गोठ्यात जनावर आहे, ती पोरं हे वाचून हसली असतील. त्यांना माहीत आहे. म्हैस सुखात असली, तिला निवांत वाटलं, की ती रवंथ करते. घाबरली, बावरली, पोटात दुखायला लागलं, की थांबते. जंगलात हे हरणांनाही ठाऊक होतं, कारण तीही रवंथ करतात. पण हरणांच्या मागची रांग वाघांची होती. त्यांचा स्वतःचाच जबडा गुहेत कधी हलला नव्हता, आणि मान वळवून सांगायची त्यांची तयारी नव्हती.

'आयाळ' जोरात चालला.

मग काय झालं, की सगळे सारखे मागं बघून मानेनं आखडले. तरसाजी हुशार. त्यानं बसायचे दगडच उलटे मांडले. आता सगळ्यांची पाठ पडद्याकडे आणि तोंड काजळीकडे. पिक्चर बघणारी ती एकटीच उरली. बाकीचे तिला बघत.

पिक्चर काढणाऱ्यांचंही काम सोपं झालं. गोष्ट लिहायला नको, गाणी बसवायला नकोत. जबडा थांबवला की झालं. मोराच्या नव्या प्रेमकथेत सारखी दरड कोसळायची. अस्वलाच्या कौटुंबिक पिक्चरमध्ये नुसता दरवाजा वाजला तरी वीज पडल्याचा आवाज. काजळी दचकायची, जबडा थांबायचा, आणि गुहा टाळ्या वाजवायची. एकही पिक्चर पडेना.

काजळी मात्र वाळत चालली. रवंथ नाही तर खाल्लेलं अंगी कसं लागणार? तिच्या बरगड्या दिसायला लागल्या. शुभ्रनाथाला बसायला जागा टोचायला लागली, तेव्हा तो म्हणाला की कलेनं हिला झिजवलं.

तुम्ही म्हणाल, मग ती जायची कशाला? अहो, पिक्चरच्या नादाचं तसंच असतं. दर खेपेला तिला वाटायचं, पुढचा बरा असेल.

त्याच जंगलात एक टिटवी राहत होती. टिटवी झाडावर घरटं बांधत नाही. नदीच्या काठी गोट्यांमध्ये, उघड्यावर अंडी घालते. अंडी गोट्यांसारखीच दिसतात. या टिटवीची जागा नेमकी पाणवठ्याच्या वाटेवर होती. दर उन्हाळ्यात जनावरं पाण्यावर यायची आणि त्यांच्या पायांखाली अंडी जायची. ती ओरडायची, पण टिटवी ओरडतेच, असं म्हणून सगळे पुढं जात. कुणी मुद्दाम करत नव्हतं. कुणाला दिसतच नव्हतं.

म्हणून तिनं एक पिक्चर काढला. एकदा सगळ्यांनी बघितला, की आपोआप पाय जपून टाकतील, असं तिला वाटलं. पाखराचा जीव केवढा, त्याचा हिशेब केवढा.

तरसाजीनं तिला सांगितलं की एक खेळ लावतो. जबडा थांबला तर महिनाभर चालवीन, हलला तर उतरवीन. टिटवी घाबरत घाबरत हो म्हणाली. काठावर तिची नवी अंडी होती. तिच्याजवळ वाट बघायला वेळ नव्हता.

खेळ सुरू झाला. पडद्यावर नदी होती, ऊन होतं, गोटे होते. खूप वेळानं कळलं की त्यातले चार गोटे म्हणजे अंडी आहेत. टिटवी पाण्यात जाऊन पोटाची पिसं भिजवायची आणि परत येऊन अंड्यांवर बसायची, उन्हानं ती तापू नयेत म्हणून. पुन्हा जायची, पुन्हा यायची. आवाज म्हणाल तर पाण्याचा.

काजळीनं एक लांब श्वास सोडला. तिची पाठ सैल झाली. आणि कितीतरी दिवसांनी तिचा जबडा हलायला लागला. डावीकडून उजवीकडे, सावकाश, मजेत.

गुहेत कुजबुज झाली. कुणी जांभई दिली. ससा म्हणाला की जबडा इतका हललेला मी कधी पाहिला नाही.

मध्ये एकदा पडद्यावर एक खूर आला. मोठा, काळा, गोट्यांवरून चालत अंड्यांच्या दिशेनं. काजळीचा जबडा थांबला. गुहा सरसावून बसली. खूर अंड्याला घासून पलीकडे पडला, आणि जबडा पुन्हा हलू लागला. सगळ्यांनी मनातल्या मनात ठरवलं की तेवढाच प्रसंग बरा होता. कोणता, ते कुणी वळून पाहिलं नाही.

खेळ सुटायच्या आधीच तरसाजीनं जाहीर केलं की हा पिक्चर उतरवला आहे, आणि उद्यापासून 'आयाळ'चा पाचवा भाग.

दाराशी गर्दी होती. महाराजही होते. टिटवी वाट काढत काजळीपाशी आली.

"मावशी," ती म्हणाली, "इतका वाईट होता का गं?"

काजळीनं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. सगळे ऐकत होते. मागं गुहेत तिची भिंतीजवळची जागा दिसत होती.

"चांगला होता," काजळी म्हणाली. "आजवर बघितलेल्यांत सगळ्यात चांगला होता. आणि तो खूर माझा होता."

ससा म्हणाला, "पण मावशी, जबडा तर हलत होता."

"बरं वाटलं म्हणून हलत होता रे. मला बरं वाटलं की तो हलतो."

सगळ्यांनी शुभ्रनाथाकडे पाहिलं. शुभ्रनाथानं पाय बदलला आणि म्हणाला, "हे तिचं वैयक्तिक मत झालं. जबड्याचं मत आपण सगळ्यांनी पाहिलंच आहे."

हे सगळ्यांना पटलं. महाराजांनाही पटलं. पण ती बोलली होती हे खरं, आणि नियम तो नियम. काजळीची जागा गेली.

दुसऱ्या दिवशी 'आयाळ'चा पाचवा भाग लागला. सगळी येऊन आपापल्या दगडावर बसली, सवयीनं पडद्याकडे पाठ करून. भिंतीजवळची जागा रिकामी होती. सगळे त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिले. तिथं काहीच हललं नाही. पहिल्या डरकाळीपासून शेवटच्या डरकाळीपर्यंत काहीच हललं नाही. शुभ्रनाथ म्हणाला की इतकी तल्लीनता त्यानं आजवर पाहिली नव्हती.

रिकाम्या जागेला जबडा नसतो, बाळांनो. त्यामुळे त्या जंगलात त्यानंतर एकही पिक्चर पडलेला नाही.

आणि काजळी? तिला आता जायला कुठं उरलं नव्हतं. ती पाणवठ्याच्या वाटेवर, टिटवीच्या गोट्यांच्या अलीकडे येऊन आडवी बसली. एवढी मोठी म्हैस वाटेत बसल्यावर जाणार कुठून? ससे, डुकरं, वाघ, खुद्द महाराज, सगळे कुरकुरत वळसा घालून पाण्यावर जाऊ लागले. जाता जाता तिला चिडवायचे की कुठं ती गुहा आणि कुठं हे गोटे, इथं काय बघत बसलीस?

काजळी सांगत नसे. तिच्यासमोर टिटवी पोट भिजवून यायची, बसायची, पुन्हा जायची. एक दिवस एका गोट्याला तडा गेला आणि त्यातून चोच बाहेर आली. काजळी बघत होती. तिचा जबडा चालू होता.

तात्पर्य : मुलांनो, तोंडात घास असताना बोलू नये, असं तुमची आई सांगते ते बरोबर आहे. त्यातून खरं तर मुळीच बोलू नये. लोक बोलणं ऐकत नाहीत, घास बघतात. आणि पिक्चर काढायचाच असेल, तर तो रिकाम्या खुर्चीला आवडेल असा काढावा. ती उठून जात नाही, आणि वाटेत आडवी येऊन बसतही नाही.