बिनपरवान्याचं कपाट

बायकोला हॉलमध्ये एक भिंत हवी होती आणि शेरेभाऊ एका शब्दात 'हो' म्हणाले, तिथंच सगळं चुकलं.

शेरेभाऊ म्हणजे विद्यापीठाच्या बांधकाम विभागातले हेडक्लार्क. समोर आलेल्या फायलीवर शेरा मारल्याशिवाय त्यांना घास उतरत नसे, म्हणून हे नाव. एकोणीस वर्षं त्यांचा लाडका शेरा एकच : 'परवानाधारक आर्किटेक्ट अथवा इंजिनियरची सही आवश्यक.' रंग, पडदे, फर्निचर यांना सही लागत नाही. भिंत, दरवाजा, वीजजोडणी यांना लागते. आणि नेमके ते राहत होते विद्यापीठाच्याच क्वार्टरमध्ये. बायकोला पीएच.डी.चा प्रबंध पुरा करायला शांत कोपरा हवा होता. हॉलच्या खिडकीकडे एक आडभिंत घातली की खोली तयार! पण भिंत आली की सही आली. शेरेभाऊंनी मोठ्या ऐटीत विद्यापीठाच्या यादीवरचा आर्किटेक्ट स्वतःच घरी बोलावला. (शहाणा माणूस आधी त्याला लांबून बघून येतो.)

आर्किटेक्ट उंच होता. त्याच्या डोक्यावर केस होते. सगळेच्या सगळे. त्यानं भिंतीवर टकटक केलं, कान लावला आणि मग म्हणाला, "वहिनी, तुम्ही लिहायला कधी बसता?"

"सकाळी."

"मग टेबल इकडे ठेवू. उजेड डावीकडून येईल. लिहिताना हाताची सावली कागदावर पडणार नाही."

बायको त्याच्याकडे अशी बघत राहिली, की शेरेभाऊंनी मध्येच मोठ्यानं खाकरून घेतलं. बावीस वर्षांच्या संसारात तिच्या हाताची सावली कुठं पडते, याची कुणी चौकशी केली नव्हती.

तो गेला, पण त्याचं कौतुक घरातच राहिलं.

"किती लक्ष देऊन ऐकतो हो तो माणूस!"

"मीही ऐकतोच की."

"मग आत्ता काय म्हणाले मी?"

"चहा... ठेवतेस?"

पुढच्या आठ दिवसांत तो मापं घ्यायला तीनदा आला. तिन्ही वेळा बायकोनं चांगले कप काढले. त्या कपांतून शेरेभाऊंना आजवर पाणीसुद्धा मिळालं नव्हतं. त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. हॉल तोच होता, टेप तीच होती. दर वेळी नवीन काय मोजतो हा माणूस?

चौथ्या खेपेआधी शेरेभाऊ तो नकाशा ऑफिसात घेऊन गेले आणि लाल पेन काढलं. 'भिंत' खोडली, वर लिहिलं 'लाकडी कपाट, छतापासून चार बोटं खाली.' झालं फर्निचर! वीजजोडणीला सही लागते? खोडली. दरवाजाला लागते? खोडला. प्रत्येक खाडाखोडीखाली नियमाप्रमाणे आपली सही केली. शेवटी शेरा मारला : 'परवानाधारकाची आवश्यकता नाही.' हे वाक्य ते आयुष्यात प्रथमच लिहीत होते. पण त्यावर शिक्का मारताना असं काही गार वाटलं, की विचारू नका.

"आता आर्किटेक्टची गरज नाही," घरी येऊन त्यांनी जाहीर केलं. "मी स्वतः उभा राहून करून घेतो."

"तुम्हाला जमेल?"

"अख्खं विद्यापीठ कुणी उभं केलं?"

"मला वाटलं गवंड्यांनी."

रविवारी विद्यापीठाचा सुतार चार उंच कपाटं घेऊन आला. शेरेभाऊ खिडकीच्या बाजूला पाणसळ धरून उभे राहिले. काचेतला बुडबुडा मधोमध आणताना त्यांना डोळ्यांपुढे आर्किटेक्टचा पडलेला चेहरा दिसत होता, आणि तो इतका छान पडला होता, की नजर काढवेना. पलीकडे ठोकाठोक झाली आणि थांबली.

"झालं, साहेब!"

"झकास! आता मी बाहेर कुठून यायचं?"

"ते कागदावर नाहीये."

"म्हणजे?"

"दरवाजा होता, तो खोडलाय. खाली तुमची सही आहे."

"अरे, मग एक कपाट सरकव!"

"पाचरी मारल्यात, आता कापावंच लागेल. आणि कागदाबाहेर मी हात लावत नाही. मागं एक खुंटी जास्त ठोकली तर तुम्हीच तीनदा लेखी खुलासा घेतलात."

शेरेभाऊंनी खिडकीकडे बघितलं. तिला गज होते.

"अहो," बायकोचा शांत आवाज आला, "नवीन दरवाजा करायला काय लागतं?"

काय लागतं ते शेरेभाऊंना माहीत होतं. तिलाही माहीत होतं.

अर्ध्या तासात तो आला. कपांचा आवाज झाला. (चांगल्या.)

"प्रबंध कुठवर आला, वहिनी?" त्यानं विचारलं, आणि बायको सांगू लागली. पहिलं प्रकरण, दुसरं प्रकरण, तिसऱ्यात कुठं अडलंय ते. मध्येच ती मोकळी हसली. बायकोच्या प्रबंधाचा विषय शेरेभाऊंना त्या दिवशी कळला, तोही कपाटाआडून. जळफळाट तर झालाच, पण त्याहून वाईट म्हणजे विषय चांगला होता.

"मी आत आहे!" ते ओरडले.

"हो, माहितेय," बायको म्हणाली आणि चौथ्या प्रकरणाकडे वळली.

शेवटी आर्किटेक्ट कपाटाशी आला. "भाऊ, दरवाजा म्हणजे अर्ज आला. त्यावर तुमचा शेरा पडल्याशिवाय मला करवत लावता येणार नाही." आणि वरच्या चार बोटांच्या फटीतून, स्टुलावर न चढता, त्यानं अर्ज आणि पेन आत सरकवलं.

शेरेभाऊंनी खिडकीच्या कठड्यावर कागद ठेवून लिहिलं : 'परवानाधारक आर्किटेक्टची सही आवश्यक.' खाली सही केली. मग सवयीप्रमाणे अर्ज वरपासून वाचला. अर्जदाराच्या जागी बायकोचं नाव होतं. काम : कपाटात दरवाजा करणे. कारण : नवरा आत आहे.

शेवटच्या रकान्यात छापील प्रश्न होता, 'काम तातडीचे की सवडीचे?' त्यापुढे बायकोनं वळणदार अक्षरात लिहिलं होतं : सवडीचे.