रेपोतलं लग्न

यतीनच्या मेहुणीच्या लग्नाचा अख्खा व्हिडिओ ऑफिसच्या कोडमध्ये चढत होता, तेव्हा यतीन शांती नगरातल्या आपल्या घरी निवांत पोहे खात होता.

पेनड्राइव्ह भरला म्हणून त्यानं तो व्हिडिओ ऑफिसच्याच लॅपटॉपवर, हाताला लागेल त्या फोल्डरात ठेवला होता. फोल्डर नेमकं रेपोचं निघालं. रेपो म्हणजे कंपनीचा सगळा कोड, पहिल्यापासूनच्या प्रत्येक बदलासकट, जपणारं सामायिक कोठार. ते आधीच इतकं अवजड की साधा बदल चढवायचा तर मध्ये चहा व्हायचा. त्यामुळे आज जरा जास्तच वेळ लागला, तरी यतीनला कसलाच संशय आला नाही.

थोड्या वेळानं टीमच्या प्रमुख सुचेता मॅडमचा फोन आला. "यतीन, रेपो एवढा का फुगलाय रे? सगळे नुसते ताटकळत बसलेत. कुणी काय टाकलंय, शोध जरा. तुझ्यावर भरवसा आहे."

यतीननं शोधलं, तर आपलाच व्हिडिओ सापडला. त्यानं गुपचूप व्हिडिओ डिलीट करून तो बदल वर चढवला. पण रेपो तसूभरही हलका होईना. काढून टाकलेलंही जपून ठेवायचं, हाच तर त्या कोठाराचा धर्म! शेवटी त्यानं मॅडमना फोन लावला.

"मॅडम, ते माझ्या मेहुणीचं लग्न आहे."

"आज? मग सुट्टी घे ना!"

"तसं नाही. रेपोत आहे."

मॅडमनी रेपोचा इतिहास उघडून खात्री करून घेतली. मग फर्मान निघालं: रेपोचा इतिहासच व्हिडिओ वगळून नव्यानं लिहायचा, सगळ्यांनी आपापल्या लॅपटॉपवरची व्हिडिओसकटची जुनी कॉपी पुसून नवी उतरवून घ्यायची आणि प्रत्येकाला फोन यतीननंच करायचा.

"भाई, पुराना डिलीट कर, नया ले ले, हाथ जोड़ता हूँ," असं दिवसभर घोकून त्याचा घसा बसला. संध्याकाळी रेपो हलका झाला आणि यतीन सोफ्यावर आडवा झाला. तेवढ्यात त्याची बायको नीलम आली.

"अहो, निशाचा फोन होता. तिच्या लग्नाच्या शूटिंगवाल्याची डिस्क उडालीय. पप्पा आयुष्यात पहिल्यांदा नाचलेत त्यात, रडकुंडीला आलीय ती. आपल्याकडे आहे ना व्हिडिओ?"

"आहे," यतीन म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच परका वाटला.

लॅपटॉपवरून तो त्यानंच पुसला होता. आता पुन्हा फोन. "जुनी कॉपी ठेवलीयस का रे?" जो तो अभिमानानं सांगे, "नाही हो, लगेच उडवली. तुम्हीच तर एवढं विनवलंत!" यतीनच्या डोळ्यांसमोर सासऱ्यांचा चेहरा तरळू लागला. शेवटी पालीला राहणारा अभिनव उरला. तो टीममध्ये नवीन होता.

"सॉरी सर," अभिनव चाचरत म्हणाला, "माझी राहिलीय पुसायची. मॅडमना सांगू नका, प्लीज."

"अरे देवमाणसा! आता हात लावू नकोस तिला! मी निघालोच!"

"हात नाही लावला, सर. फक्त आजचं काम चढवलं. जात नव्हतं, म्हणून जुनं-नवं एकत्र केलं. मग गेलं एकदाचं! पण खूप वेळ लागला हां."

यतीननं लॅपटॉप उघडून पाहिलं; रेपो पुन्हा फुगला होता. हातातला फोन पुन्हा वाजू लागला. सुचेता मॅडम.

"काय हो, सापडला का?" नीलमनं विचारलं.

"हो," यतीन म्हणाला. "सगळ्यांनाच सापडलाय."