पांढरी पडलेली अंगठी

केस सुटली असती, तर आमच्या ह्यांचा नफा मोठा होता. मुलीचा बाप असूनही भर मांडवात वरपक्षापुढे ताठ मानेनं बसायला मिळालं असतं.

"विजयमाला, लिहून घे," हे म्हणाले. "उत्तमराव म्हणजे जयपुरातली एकमेव मराठी दुर्बीण!"

विमा कंपनीत लोकांचे दावे फेटाळण्यात ह्यांची हयात गेली. निवृत्तीनंतर फेटाळायला घरचेच उरले.

केस अशी: आमच्या सोनलची साखरपुड्याची अंगठी. काल पिवळीधमक होती, आज बेसिनवरच्या काचेच्या वाटीत चांदीसारखी पांढरी सापडली.

"बगरूच्या छपाईच्या रंगाचा परिणाम! काल तिथं साड्या बघायला गेली होतीस ना?"

"बाबा, रंगाला मी हातच नाही लावला."

"मग झालानाच्या जंगलातलं माकड. खरी नेली, खोटी ठेवली."

"माकडाकडे खोटी कुठून आली?" मी विचारलं.

"इथेच तर ग्यानबाची मेख आहे!" हे जरा थांबले आणि ओरडले, "सापडलं! अंगठी मुळात चांदीची, वरचा मुलामा उडाला. वरुणच्या घरच्यांनी फसवलं. हे लग्न होणार नाही!"

सोनल रडायलाच लागली. "बाबा, मतलब... प्लीज, त्यांना काही बोलू नका ना!"

ह्यांनी तोवर विहीणबाईंना फोन लावलासुद्धा. वरुणची आई, प्रभावतीबाई, कँटोनमेंटातून तडक आल्या. आरोप शांतपणे ऐकला, अंगठी पाहिली आणि वाटी जरा तिरकी केली. तळाशी एक चकचकीत थेंब पळाला, फुटून दोन झाला, पुन्हा एक झाला. वाटी कोरडीच.

"शिवू नका कुणी, पारा आहे. सोन्याला लागला की सोनं पांढरं पडतं. माझ्या बांगडीचं असंच झालं होतं. थर्मामीटर कुणी फोडला?"

दुर्बीण छताकडे वळली.

"कणकण वाटत होती," हे पुटपुटले. "झटकताना नळावर आपटला. विजयमालाच्या वडिलांचा, म्हणून बोललो नाही. पारा कागदावर गोळा करून वाटीत लपवला. पण त्याचा सोन्याशी संबंध काय?"

"आणि हात धुताना मी न बघता अंगठी त्यातच टाकली!" सोनल रडता रडता हसली.

सराफानं अंगठी पुन्हा पिवळी करून दिली. ताळेबंद असा: सोनलला वरुण राहिला, प्रभावतीबाईंना जन्मभर पुरेल असा किस्सा मिळाला. भरपाई ह्यांच्या नावावर. लग्नात विहिणीचे पाय मुलीच्या आईनं धुवायचे असतात. या लग्नात ते आमचे हे धुणार.

अट विहिणीची नाही, माझी.