धुराचे वैरी सुपडाजी

सुपडाजी कुणाच्याही घरात शिरले की आधी माणसांकडे बघत नसत, छताकडे बघत. मग टाचा उंचावून एखाद्या लाकडावर बोट फिरवत आणि काळंकुट्ट झालेलं ते बोट घरमालकाच्या नाकासमोर धरून विचारत, "हे काय हाय? हे तुमच्या छातीत बी जाऊन राह्यलं ना! घर दम घेते का हो तुमचं?" घरमालकाने पाहुण्यासाठी आणलेला पाण्याचा तांब्या तोवर हातातच राहिलेला असे.

मेहकरकडच्या त्या गावात मी डिस्ट्रिक्ट कौन्सिलच्या शाळेत मास्तर होतो आणि बिऱ्हाड नेमकं सुपडाजींच्या समोर. दिवसभर घसा कोरडा करून घरी यावं, तर हे गृहस्थ ओट्यावर हजर! नागपूरच्या सरकारने स्वच्छतेचे धडे लावले होते, ते मीच शिकवायचो. पण धडा घंटेबरोबर संपतो, सुपडाजी संपत नसत.

आता खरं सांगायचं, तर त्यांचं चुकत नव्हतं. तिकडची घरं धाब्याची, म्हणजे सपाट मातीच्या छताची. भिंती हातभर रुंद आणि चोराच्या भीतीने मागच्या अंगाला खिडकीचं नाव नाही. चुलीत गवऱ्या नाहीतर कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या. धूर आतच फिरत राही आणि वाटलंच तर दारातून बाहेर पडे. घरोघरच्या बायकांचे डोळे लाल आणि खोकला बारमाही. त्यावर सगळ्यांचं उत्तर एकच, "बायकायचं असतेच तसं."

"काऊन असते?" सुपडाजी भडकत. "भोक पाडा न धाब्याले!"

चुलीच्या वर छताला जे भोक ठेवतात त्याला तिकडे साणं म्हणतात. पाऊस गळतो म्हणून लोकांनी आपापली साणी केव्हाच लिंपून टाकली होती. ती उघडायची, हा सुपडाजींचा धर्म. एकदा पुतणीची सोयरीक पाहायला गेले. बाकीची मंडळी शेत किती, बैल किती विचारत बसली आणि हे सरळ स्वयंपाकघरात घुसले. बाहेर येऊन भर बैठकीत म्हणाले, "पोरगा चांगला हाय, पण हे सैपाकघर आमच्या पोरीले खाऊन टाकीन." सोयरीक मोडली. भावाने, ओंकारने, तेव्हापासून त्यांच्याशी बोलणं टाकलं.

आमच्याकडेही त्यांनी साणं पाडलंच. शिडी त्यांची, पहार त्यांची, धूळ आमची. चौथ्या दिवशी त्यातून मांजर खाली आलं, ते थेट वरणात! आमच्या सौभाग्यवतीने मला जे ऐकवलं ते सुपडाजींना ऐकवायला हवं होतं, पण माझ्यात त्राण नव्हतं. पुढे तिच्या डोळ्यांचं पाणी थांबलं. हे मात्र तिने कधी कबूल केलं नाही.

एवढं करून गंमत अशी, की सुपडाजींच्या स्वतःच्या स्वयंपाकघराला ना साणं, ना खिडकी. वाटणीत खालचं घर त्यांना आलं आणि वरची माडी ओंकारला. मागची भिंत ओंकारच्या गुरांच्या वाड्याकडे. साणं पाडावं तर त्याच्या माडीच्या जमिनीतून, खिडकी काढावी तर त्याच्या हद्दीत. ओंकारने साफ सांगितलं होतं, "आज तो खिडकी मागते, उद्या वहिवाट मागीन."

आणि त्या कोंडलेल्या खोलीत गोदामाय, म्हणजे सुपडाजींची बायको, दम्याने अर्धी झालेली. डॉक्टरने सांगून टाकलं होतं, की औषध मी देतो, पण धुरापुढे ते चालायचं नाही. हा माणूस दुसऱ्यांची छतं का फोडत सुटला होता, ते मला तेव्हा कळलं.

एका सकाळी त्यांची पहार परत द्यायला गेलो. गोदामाय ओट्यावर ज्वारी निवडत बसली होती. स्वयंपाकघराचं दार बंद, पण आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. गोदामाय मला बघून चपापली. मी दार ढकललं, तर धुरात सुपडाजी! डोक्याला उपरणं, कोपरापर्यंत पीठ आणि खोकून खोकून जीव अर्धा.

"मास्तर, गावात बोलू नका," ते म्हणाले. "लोक मले हसतीन त्याचं काही नाही. तिले लाज वाटते."

"मग चूल अंगणात का मांडत नाही?" मी विचारलं.

"म्हटलं होतं एकदा. म्हणे, मी अजून जिती हाव न?"

त्या गावात अंगणात चूल मांडतात ती घरात मयत झाल्यावर, प्रेताच्या आंघोळीचं पाणी तापवायला. सणासुदीलाही कुणी बाहेर चूल मांडत नसे.

हिवाळा आला आणि समोरचा खोकला वाढला. गोदामायचा नव्हे, सुपडाजींचा. बंद दारामागून तो माझ्या घरापर्यंत ऐकू येई आणि मला शाळेत जाऊन ते स्वच्छतेचे धडे शिकवायचा आणखीच कंटाळा येई.

मग एक दिवस सकाळी त्यांच्या अंगणातून धूर निघाला. तीन दगड, त्यांच्यात जाळ. पाणी घेऊन येणाऱ्या बाईने तो पाहिला आणि तिथेच हंबरडा फोडला. आळी जमली. मी सदरा न घालताच धावलो. ओंकार बोडक्या डोक्याने आला आणि "वहिनी! वहिनी!" करत अंगणात बसकण मारून रडू लागला.

जाळामागून गोदामायने मान वर केली. तिच्या हातात भाकरी होती.

"ओंकार, काऊन रडून राह्यला? भाकर खातं का?"

एक म्हातारी रागावून म्हणाली, "अवो गोदे, जित्या माणसाच्या घरी असं अंगणात चूल मांडते का कोणी?"

"मांडली मी," गोदामाय म्हणाली. दोन शब्दांनीच तिला धाप लागली. "माह्यासाठी नसती मांडली, माय. आत त्यायचा खोकला ऐकवत नव्हता मले."

गावभर बोट नाचवणारे सुपडाजी जवळच उकिडवे बसले होते. वारा फिरून धूर तिच्या बाजूला वळला, तसे ते उठले आणि उपरण्याने वारा घालू लागले.

"बसा न उगे," ती म्हणाली. "जाते तो आभायात."

"हाव," सुपडाजी म्हणाले आणि वारा घालतच राहिले.