काउंटरवरची कादंबरी

आमच्या भागात कोणी स्वतःच्या खर्चाने कादंबरी छापली, की तिची एक प्रत पोलादपूरच्या बाजारपेठेत सकपाळ अण्णांच्या किराणा दुकानात येते, आणि अण्णा ती आधी वजनकाट्यावर ठेवतात. लेखक समोर उभा असतो. आकडा स्थिरावला की अण्णा जाहीर करतात, "चारशे दहा ग्रॅम. त्यात शंभर ग्रॅम नुसती प्रस्तावना, मनोगत आणि आभार. ऐवज तीनशे दहाच."

मग चष्मा लावून पानं उलटायला लागतात. प्रस्तावना चार असल्या तर विचारतात, "चार जामीनदार? गुन्हा काय केलाय कादंबरीनं?" मागच्या बाजूला लेखकाचा फोटो असला तर तोही निरखून पाहतात. एकदा म्हणाले, "हा लग्नातला फोटो हाय. बायको कापलीत, पन तिचा हात खांद्यावर राहिलाय बघा."

पुस्तक वाचून झाल्यावरचा निकाल मात्र सगळ्यांना एकच. "लिवलंय बरं, पन घाई झाली." अण्णांच्या नात्यातल्या एका निवृत्त ग्रामसेवकांनी अकरा वर्षं खपून कादंबरी पुरी केली होती. त्यांनाही हेच ऐकावं लागलं. पुढे सहा महिने ते साखर समोरच्या दुकानातून नेत होते.

अण्णांचा या पुस्तकांवर राग आहे असं मात्र नाही. ती सगळी त्यांनी अगरबत्ती आणि बॅटरीच्या सेलच्या मधल्या फळीवर ओळीने लावून ठेवली आहेत. पुड्या बांधायला कागद कमी पडला तरी त्या फळीला कोणी हात लावायचा नाही. ते म्हणतात, "प्रकाशक असला की तो निदान विचारतो, नायिका दुसऱ्या प्रकरणात मंगल होती ती सातव्यात सुमन कशी झाली? स्वतः छापणाऱ्याला इचारनार कोन? घरातले तर वाचतच नाय."

स्वतः अण्णा सतरा वर्षं एक कादंबरी लिहीत आहेत. सध्या अकरावी शंभरपानी वही चालू आहे. ती छापलेली नाही, पण तालुक्यातल्या कुठल्याही छापील कादंबरीपेक्षा जास्त लोकांना ठाऊक आहे. कारण एसटीला वेळ असला की बाजाराला आलेल्या बायका दुकानाच्या पायरीवर टेकतात आणि अण्णा काउंटरमागून वही वाचतात.

मी हे पहिल्यांदा पाहिलं ते कॉलेजात असताना. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच. घरी पाठ्यपुस्तकाशिवाय पुस्तक नव्हतं. परतीच्या गाडीची वाट बघत मी अण्णांच्या फळीवरची पुस्तकं वाचायचो, आणि त्यांनी कधी 'काय घेणार?' असं विचारलं नाही. मी आज मास्तर आहे, त्यात त्या पायरीचा वाटा आहे.

मी तिथेच बसलेला असताना एकदा वरंधकडची सखूआत्या तेलाची पिशवी मांडीवर घेऊन अण्णांना म्हणाली, "बाला, वहीतल्या त्या पोरीचं लगीन झालं का नाय अजून?"

"पाच पानं थांब गो."

"मागल्या शिमग्यालापन पाच पानंच म्हनालास! पोरगी म्हातारी झाली की रे!"

गेल्या वर्षी मीही कादंबरी छापली. तुडीलजवळ सावित्री नदीत होडी वल्हवणाऱ्या एका म्हाताऱ्याची गोष्ट. स्वतःच्याच खर्चाने. अण्णांनी वजन केलं, प्रत ठेवून घेतली आणि तीन आठवडे चकार शब्द बोलले नाहीत.

महाडला प्रकाशन ठरवलं. असे समारंभ मी पुष्कळ पाहिले होते. वक्ते शाल घेतात, लेखकाने गरिबीतून शिक्षण कसं घेतलं ते सांगतात आणि पुस्तक न उघडता घरी नेतात. माझी इच्छा एवढीच होती, की सभागृहात एक तरी माणूस माझी कादंबरी ठाऊक असलेला असावा.

साठ खुर्च्या मांडल्या होत्या, चौदा भरल्या. प्रमुख पाहुण्यांनी माझ्या कविता मातीतल्या आहेत असं सांगितलं. पहिल्या रांगेत आई हसतमुखाने टाळ्या वाजवत होती. तिला वाचता येत नाही, त्यामुळे पुस्तक न वाचण्यात त्या सभागृहात एकट्या तिचंच काही चुकलं नव्हतं.

पाहुणे बसतात तोच बाहेर दोन मिनीडोर रिक्षा थांबल्या. सखूआत्या पुढे, मागे दहा-बाराजणी, हातात बाजाराच्या पिशव्या. आत्या खुर्चीवर न बसताच मला म्हणाली, "मास्तर, एक इचारू? त्या म्हाताऱ्याला शेवटी मुंबईला कशाला धाडलास?"

मी गडबडलो. "तिथं त्याचा मुलगा आहे ना, आत्या."

"मुलगा हाय, पन नदी कुठं हाय?"

"अगो, हिकडं एकटा मेला असता तो!" मागून दुसरी ओरडली. "बरं केलं नेला ते!"

"तुला काय कळतंय? त्याची बायको ह्याच काठाला जाळलेली नाय का?"

त्यांचं चांगलंच जुंपलं. पाहुण्यांनी हळूच पुस्तक उघडलं आणि कविता शोधू लागले. आई एकदा आत्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होती. मग तिने पदराने डोळे पुसले आणि आत्याला हात धरून शेजारी बसवलं. "पयल्यापासून सांग गो," म्हणाली.

मी बाहेर आलो. अण्णा रिक्षाच्या आडोशाला उभे होते.

"तीन आठवडे तुमची वही बंद ठेवून पायरीवर माझं पुस्तक वाचून दाखवलंत?" मी विचारलं.

"वही कुठं पळत नाय."

"पण अण्णा, तुम्ही तुमची पुरी का करत नाही? आपण छापू. मी मुद्रितं तपासतो."

अण्णांची बायको, आमची वहिनी, जाऊन अठरा वर्षं झाली. दुकानामागच्या खोलीत तेव्हापासून ते एकटेच असतात. आतून बायकांचा आवाज चढत होता. तिकडे कान देत अण्णा म्हणाले,

"छापली की घरी नेतील रे. मी वाचत असलो की सामान घेऊन झालं तरी थांबतात."